हौसेरावांनी टिपलेले चौदा पिंजरे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक डॉ. उदयसिंह निंबाळकर सर, प्रमुख पाहुणे पशुवैद्यक डॉ. नंदकुमार म्हात्रे, आजचे सत्कारमूर्ती श्री. हौसेराव शेडगे, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. राजाबाई, कोपरखैरण्याहून दोन गाड्या करून आलेले त्यांचे शेजारीपाजारी, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख जरा जास्तच गोड करून दिली. मी डॉ. उझमा मुकादम. वर तिसऱ्या मजल्यावर स्मृतीवर काम करणारी जी प्रयोगशाळा आहे, ती मी चालवते. हौसेराव तळमजल्यावरचं पशुगृह सांभाळतात, म्हणजे उद्यापर्यंत सांभाळतात. गेली एकतीस वर्षं या संस्थेतल्या प्रत्येक उंदराला त्यांच्या हातचं पाणी मिळालं आहे.

मला दहा मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. कालपासून मी हे भाषण चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. आता हा पाचवा कागदही टेबलावर ठेवून देते.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. ते सांगणं सोपं आहे. एकतीस वर्षांत हौसेरावांनी मोजून नऊ रजा काढल्या. त्यांच्या हाताला उंदीर चावत नाही. म्हात्रे सर मघाशी म्हणालेच की रायगड-ठाण्यात त्यांनी तपासलेल्या पशुगृहांत एवढं स्वच्छ दुसरं नाही. पण हे सगळं सांगून मी खाली बसले, तर आज मला झोप लागणार नाही. गेली सहा वर्षं तशीही नीट लागलेली नाही.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं, हे शेजारच्या मंडळींना ठाऊक असायचं कारण नाही. थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपण एखादी गोष्ट शिकतो आणि ती दुसऱ्या दिवशीही आठवते, हे होतं कसं? आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. कातडीत तोच, यकृतात तोच, मेंदूत तोच. कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद, यात फरक असतो. हा डीएनए म्हणजे फार लांब धागा. तो प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथलं जनुक पेशीला वाचता येत नाही. सैल झाली की वाचता येतं.

आता एका उंदराला आम्ही डब्यात ठेवतो आणि त्याच्या पायाला विजेचा हलका चटका देतो. त्याच्या मेंदूतल्या काही मोजक्या पेशींमध्ये थोड्याच वेळात ठरावीक जागची गुंडाळी सैल होते, तिथली जनुकं चालू होतात, नवी प्रथिनं तयार होतात आणि पेशीपेशींमधले सांधे पक्के होतात. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात ठेवलं की उंदीर जागच्या जागी थिजतो. त्याला आठवतं. ही जनुकं चालूच झाली नाहीत, तर कालचं आज पुसलेलं असतं.

सैल झालेली गुंडाळी पुन्हा घट्ट करणारं एक एन्झाइम असतं. आम्ही एक संयुग वापरत होतो, जे त्या एन्झाइमला अडवायचं. म्हणजे गुंडाळी जास्त वेळ सैल, जनुकं जास्त वेळ चालू. कल्पना अशी की आठवण जास्त पक्की होईल. आणि झाली. अगदी हलका चटका दिलेले उंदीरही, जे एरवी दोन दिवसांत विसरले असते, ते चार आठवड्यांनी त्या डब्यात थिजत होते. माझी विद्यार्थिनी सुनीती, आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिची पाच वर्षं त्या आकड्यांमध्ये गेली होती. आम्ही शोधनिबंध लिहिला, पाठवला, आणि तो स्वीकारलाही गेला.

त्या दिवसांत एकदा चहाच्या वेळी मी हौसेरावांना हे सगळं समजावत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, पन मग ते मुळात घट्ट कशापायी गुंडाळलंय?"

मी हसले. म्हणाले, "जागा वाचवायला, हौसेराव."

"सैल केल्यावर कुनाचंच काय बिघडत न्हाय?"

मी म्हणाले, "चहा थंड होतोय तुमचा."

एवढी घाई कसली होती, ते आता सांगते. ते इथे कुणालाच माहीत नाही, एक हौसेराव आणि राजाबाई सोडून.

माझी आई, सकिना, उरणजवळ मोऱ्याला राहायची. आमचं घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. माझे वडील करीम मुकादम लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. ते जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. अम्मी विसरायला लागली होती. आधी कालवणात मीठ दोनदा पडायचं. मग शेजारणींची नावं गेली. मग एक दिवस तिने मला विचारलं, "तुजे अब्बा आले काय गो? लाँच लागली ना?"

मी खरं सांगितलं. अब्बा गेले, अम्मी. ती अशी रडली की जणू निरोप आत्ताच आला. तासाभराने डोळे पुसून तिने पुन्हा विचारलं, "तुजे अब्बा आले काय?"

दर शनिवार-रविवारी मी घरी जायचे आणि हे दोन-तीनदा व्हायचं. खोटं बोलायचं ठरवलं, तर ती दारात वाट बघत उभी राहायची, पाय सुजेपर्यंत. खरं सांगितलं, तर दर वेळी पहिल्यांदाच रडायची. मला वाटायचं, हिला आठवण राहिली असती, तर ही एकदाच रडली असती. आणि माझ्या फ्रीजमध्ये आठवण पक्की करणारी बाटली होती.

संचालक सर, तुम्ही माझ्याकडे बघताय, ते मला दिसतंय. मला पूर्ण करू द्या.

सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका बुधवारी हौसेराव वर आले. हातात त्यांची वही होती. प्रयोगशाळेत सुनीती होती, आणखी दोन विद्यार्थी होते. ते दाराशीच थांबून म्हणाले, "मॅडम, काही पिंजऱ्यांतली उंदरं घरटं बांधेनात."

उंदराला कापूस दिला की निरोगी उंदीर सकाळपर्यंत त्याचं गोल घरटं करतो. हे हौसेरावांइतकं कुणी बघितलेलं नाही. ते सांगू लागले, "कापूस तसाच पडतोय. कोपऱ्यात बसून ऱ्हात्यात. बाटली बदलायला गेलं तरी थिजत्यात. तिथं तर डबा न्हाय, चटका न्हाय. मला वाटतंय त्यांना समदीकडंच तो डबा दिसतोय."

मी संगणकावरून मान वर केली नाही. मी म्हणाले, आणि हे माझं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, "हौसेराव, तुम्ही पिंजरे सांभाळा. निष्कर्ष काढायला आम्ही आहोत."

विद्यार्थ्यांपैकी एकजण हसला. हौसेराव "बरं" म्हणाले आणि खाली गेले.

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. वेगळ्या डब्यात उंदीर थिजतात का, ही परीक्षा आम्ही घेतली होती. पण ती पहिल्या आठवड्यात. तेव्हा ते थिजले नव्हते. चौथ्या आठवड्यात ती पुन्हा घ्यावी, हे मला सुचायला हवं होतं, कारण आठवण जसजशी जुनी होते तसतशी तिची धार जाते, हे तर मीच वर्गात शिकवते. सुचलं नाही. खरं सांगायचं, तर सुचू दिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्या संयुगाची एक कुपी बर्फाच्या डब्यात घातली आणि मोऱ्याला नेली.

होय, संस्थेच्या फ्रीजमधून, कुणाच्याही परवानगीशिवाय, माणसावर कधीही न तपासलेलं औषध मी माझ्या आईसाठी नेलं. किती द्यायचं, याचा हिशेब मी एका जुन्या पिंजऱ्याच्या कार्डामागे केला होता. उंदीर तीस ग्रॅम, अम्मी अठ्ठेचाळीस किलो. ते कार्ड कचऱ्यात टाकलं. पशुगृहातल्या कचऱ्यात.

शनिवारी मी ते औषध दिलं नाही. धीर झाला नाही. कुपी फ्रीजमध्ये सुरमईच्या डब्यामागे ठेवली आणि दिवसभर घरात येरझारा घातल्या. फ्रीज उघडायचा, बंद करायचा. अम्मी म्हणाली, "भूक लागली काय गो तुला?"

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर हौसेराव आणि राजाबाई. कोपरखैरण्याहून बस बदलत बदलत उरणला आले होते आणि पुढे रिक्षाने, पत्ता विचारत. राजाबाईंच्या हातात डबा होता. हौसेरावांच्या हातात वही, आणि वहीत ते कार्ड.

त्यांनी ते कार्ड मला दाखवलं आणि विचारलं, "दिलं काय?"

मी म्हणाले, "नाही."

ते ओटीवर खाली बसले. मग म्हणाले, "ल्यापटॉप हाय का संगं? मी नंबर वाचतो. तुम्ही बघा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कुठल्या उंदराला औषध मिळालंय आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे हौसेरावांना ठाऊक नसतं. पिंजऱ्यावर फक्त आकडा असतो. कुठला आकडा कशाचा, ही यादी माझ्याकडे, कुलूपबंद फाइलमध्ये. प्रत्येक पिंजऱ्यात एकच उंदीर. असे बत्तीस पिंजरे होते, सोळा औषधाचे, सोळा पाण्याचे. ज्यांत घरटं बांधलं जात नव्हतं असे चौदा पिंजरे हौसेरावांनी तीन आठवडे रोज टिपले होते.

ते वाचत गेले. सात. मी फाइलमध्ये बघितलं. औषध. नऊ. औषध. बारा. औषध. पाचव्या की सहाव्या नंबरानंतर मी प्रत्येक ओळ दोनदा बघायला लागले. एकोणीस पाण्याचा निघाला, तेव्हा मला केवढा दिलासा वाटला म्हणून सांगू. पुढचे सगळे पुन्हा औषधाचे. चौदापैकी तेरा.

आम्ही आठवण पक्की केली नव्हती. त्या उंदरांना तो एक डबा नीट आठवत नव्हता. त्यांची भीती डब्यातून बाहेर पडून पिंजऱ्यात, पाण्याच्या बाटलीत, माणसाच्या पावलांत शिरली होती. आमच्या परीक्षेत थिजणं म्हणजे आठवणं, म्हणून आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आत राजाबाई अम्मीजवळ बसल्या होत्या. अम्मीला त्या तिच्या धाकट्या बहिणीसारख्या वाटल्या असाव्यात. ती विचारत होती, "यंदा बोंबील सुकवलेस काय?" आणि माणदेशात वाढलेल्या, जन्मात बोंबील न सुकवलेल्या राजाबाई म्हणत होत्या, "व्हय, सुकवलं की." मग अम्मीने तेच विचारलं, "करीम आले काय?" राजाबाई म्हणाल्या, "यायचं हाईत. तवर दोन घास खाऊन घ्या." आणि अम्मीने खाल्लं. कित्येक महिने मी खरं आणि खोटं यांत अडकले होते. तिला जेवायला घालावं, हे मला सुचलं नव्हतं.

हौसेराव उठता उठता म्हणाले, "मॅडम, तुमची आई रडती, मग इसरती, मग हसती बी. माझी उंदरं इसरतच न्हाईत. त्यास्नी हसायला कवा मिळनार?"

कुपी मी त्यांच्या हातात दिली. सोमवारी तिची विल्हेवाट रीतसर लावली गेली, ती त्यांनीच लावली.

त्याच सोमवारी मी सुनीतीला बोलावलं आणि वही दाखवली. घरी नेलेल्या औषधाचं मात्र तिलाही सांगितलं नाही. ते ती आज ऐकते आहे. ती म्हणाली, "मॅडम, माझी पाच वर्षं आहेत ती." मी म्हणाले, "माहीत आहे." ती म्हणाली, "तुम्हाला नाही माहीत." आणि ती उठून गेली. दुपारी परत आली आणि म्हणाली, "चला, परीक्षा घेऊ."

आम्ही पहिल्या मजल्यावर एक गोल टब मांडला. वेगळी खोली, वेगळा वास, वेगळा उजेड, चटक्याची तारही नाही. पाणी दिलेले उंदीर टबभर हुंगत फिरले. औषध दिलेले आत सोडताक्षणी थिजले. एकामागून एक. नवव्या उंदरानंतर सुनीतीने घड्याळ थांबवलं आणि म्हणाली, "बास. मागे घेऊ निबंध."

पुढचं तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. स्वीकारलेला निबंध आम्ही मागे घेतला. सुनीतीची डॉक्टरेट दोन वर्षं लांबली. त्या दोन वर्षांत तिने जे काम केलं, ते आज जगात चार ठिकाणी शिकवलं जातं: आठवण घडताना काही जनुकं उघडावी लागतात तशीच बाकीची घट्ट मिटूनही राहावी लागतात, नाहीतर एका जागेची भीती सगळीकडे पसरते. हौसेरावांनी चहा पिताना जो प्रश्न विचारला होता, त्याचं ते उत्तर आहे. मिळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

पण निबंध मागे घेताना चौकशी समिती बसली होती. संचालक सर, तुम्ही तिचे अध्यक्ष होता. हौसेरावांनाही बोलावलं होतं, पिंजऱ्यांच्या नोंदी बरोबर आहेत एवढं सांगायला. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. तुम्ही विचारलंत, "ही चूक पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली?"

मी म्हणाले, "माझ्या."

का म्हणाले? हा प्रश्न मी स्वतःला सहा वर्षं विचारते आहे. वही दाखवली असती, तर ती मला मोऱ्याला कशी मिळाली, हे निघालं असतं आणि मग कुपीचंही निघालं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. खोलीत चार मोठे शास्त्रज्ञ बसले होते. पशुगृहातल्या माणसाने मला माझं काम दाखवून दिलं, हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघेना.

हौसेरावांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तुम्ही त्यांना विचारलंत, "नोंदी बरोबर आहेत?" ते म्हणाले, "व्हय साहेब." आणि निघून गेले.

मग संस्थेने माझा गौरव केला. स्वतःची चूक स्वतः शोधून जाहीर करण्याच्या प्रामाणिकपणाबद्दल. ते मानपत्र माझ्या खोलीत लागलं. नव्या निबंधात सुनीतीचं नाव, माझं नाव, आणि शेवटी एक ओळ, पशुगृहातील कर्मचाऱ्यांचे आभार. नावाशिवाय.

त्यानंतर हौसेराव माझ्याशी कधीही तुटकपणे वागले नाहीत. ते वागले असते, तर मला बरं वाटलं असतं. राजाबाई तर महिन्यातून एकदा मोऱ्याला जायच्या, मला न सांगताही. दोन वर्षांपूर्वी अम्मी गेली, तेव्हा तिला माझं नाव आठवत नव्हतं. राजाबाईंचा हात मात्र तिने धरून ठेवला होता. ती घाबरलेली नव्हती. एवढं मला पुरेसं वाटायला हवं. कधी वाटतं, कधी नाही.

परवा मी पशुगृहात गेले आणि हौसेरावांना म्हणाले, समारंभात मी सगळं सांगणार आहे, तुमची परवानगी हवी.

ते पिंजरे पुसत होते. म्हणाले, "नोकरीवर येईल तुमच्या."

मी म्हणाले, "येऊ दे. पण तुम्ही तेव्हा गप्प का बसलात?"

ते म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाय बसलो. उंदरांचे हाल थांबवायचे व्हते, ते थांबले. नाव कुनाचं लागलं ते मी धरलं न्हाय." मग फडकं पिळून ते पुढे म्हणाले, "राजाबाईला मात्र लागलं व्हतं. चार दिवस जेवली न्हाय ती. तिला सांगा."

राजाबाई, मी आज जे सांगितलं, ते तुमच्यासाठी सांगितलं. तुम्ही माझ्या आईला भरवत होतात, तेव्हा तुमच्या पोटात हे होतं, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

अध्यक्ष महोदय, आपल्या समोरच्या फाइलखाली एक पांढरा लिफाफा आहे. तो मी सकाळी ठेवला. त्यात कुपीबद्दलचं माझं लेखी निवेदन आहे. त्यावर जी चौकशी व्हायची, ती व्हावी. ते मानपत्रही मी परत करते आहे. नव्या निबंधाच्या लेखकांत हौसेराव शेडगे यांचं नाव घालावं, असं पत्र काल नियतकालिकाला गेलं. त्यावर सुनीतीची सही आहे. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या नावाच्या लगेच नंतर घाला, तुमच्या आधी." तसंच घातलं आहे.

वेळ फार घेतला. बाहेर अल्पोपाहार निवतो आहे. आयोजकांचे, आपणा सर्वांचे, आणि इतका वेळ मला कुणी अडवलं नाही याबद्दल अध्यक्षांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात एखाद्याचा मान राहिला नसेल, कुणाचं नाव सुटलं असेल, समारंभाचा आनंद मी बिघडवला असेल, तर ते आपण सगळ्यांनी पोटात घालावं. समितीसमोर मी उच्चारलेला तो एक शब्द मात्र कुणी पोटात घालू नये. त्याची माफी या सभागृहाला देता येणार नाही. ती द्यायची की नाही, हे त्या दोन खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी ठरवायचं आहे, आणि त्यांना घाई नाही.

नमस्कार.